कूलंट बदलताना: आत राहिलेलं पाणी आणि अडकलेली हवा

कूलंट बदलणं म्हणजे जुनं सोडून नवं भरणं, इतकंच वाटत होतं. ओतायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दिवस गेला तो इंजिनाच्या ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी आणि पाइपांत अडकलेली हवा यांच्यामागे.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी रेडिएटरची कॅप उघडली. गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही, हे सगळेच सांगतात. कारण साधं आहे: साधारण १.१ बारचा दाब धरणाऱ्या कॅपखाली पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) यांचं निम्मं-निम्मं मिश्रण १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही, पण उघड्यावर तेच १०७ अंशांच्या आसपास उकळतं. दाब एकदम सुटला की आतलं कूलंट क्षणात फसफसून अंगावर येतं. कॅपचं रबर तडकलेलं असेल तर तो दाबच धरत नाही आणि चांगलं कूलंटही लवकर उकळतं. मी कॅप बदलूनच टाकली. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचा वरचा होस (रबरी पाइप) चिपटलेला दिसत होता, म्हणजे कॅपमधली व्हॅक्यूमची झडप (थंड होताना टाकीतलं कूलंट परत आत घेणारी) अडकलेली होती.

माझ्या गाडीत एकूण ६ लिटर बसतं. रेडिएटरचा खालचा ड्रेन प्लग सोडल्यावर आले फक्त ४, तेही गंजकट तांबूस. उरलेले २ लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कोअरमध्ये (हीटरचा छोटा रेडिएटर). डिस्टिल्ड वॉटर भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवलं, थंड होऊ दिलं आणि पुन्हा सोडलं. तीन फेऱ्यांनंतर पाणी स्वच्छ आलं. नळाचं पाणी मुद्दाम टाळलं. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो आणि उष्णता अडवतो.

आता हिशेब. आत २ लिटर नुसतं पाणी आहे. अशात ४ लिटर तयार मिश्रण ओतलं तर सहात ग्लायकॉल येतं २ लिटर, म्हणजे जेमतेम ३३ टक्के. बाटलीवर ५०:५० लिहिलंय म्हणून गाडीतही तेच असेल, ही इथली नेहमीची फसगत. मी आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओतलं आणि वर १ लिटर डिस्टिल्ड वॉटर. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणं तर आणखी वाईट. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. शिवाय शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारास गोठतं, तर निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. रंगावरून जात ओळखायला जाऊ नये, मॅन्युअलमधला प्रकार बघावा. दोन विजोड प्रकार एकत्र आले तर गाळ धरू शकतो.

मग हवा काढणं. गाडीचं तोंड चढाला, कॅप उघडी, वर फनेल, हीटर गरमवर, इंजिन आयडलवर. बराच वेळ वरचा होस गारच होता. ८५ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला आणि फनेलमधली पातळी गटकन खाली गेली. तेवढं लगेच भरलं. हातमोजे घालून होस दाबत राहिलं की बुडबुडे सुटतात. ब्लीड स्क्रूमधून (हवा सोडायचा स्क्रू) आधी फेस येतो, मग सलग धार. धार लागली की स्क्रू बंद. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत हे चालू ठेवलं. हात पंख्यापासून लांबच ठेवायचे. तो न सांगता सुरू होतो.

हवा राहिल्याची खूण अशी: आयडलला हीटर गार वारा फेकतो, रेस दिली की गरम. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. तापमानाचा सेन्सर हवेत लोंबत असेल तर काटा उड्या मारतो, आणि त्याच वेळी इंजिनाचं हेड (ब्लॉकवरचा भाग) मात्र तापत असतं. बुडबुडे अर्ध्या तासानंतरही थांबत नसतील तर ती अडकलेली हवा नसते. हेड गॅस्केटमधून (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) जळलेला वायू येत असण्याची शक्यता जास्त. मग ब्लीडिंग करत बसण्यात अर्थ नाही.

जुनं कूलंट बंद कॅनमध्ये भरून ठेवलं. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते जीवघेणं विष आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टाकीची पातळी बोटभर उतरली होती. भरली, त्यानंतर उतरलेली नाही.