आधी लोकर, मग डिझाइन
माझं डिझाइन कागदावर सुरू होतच नाही, आधी लोकर हातात घ्यायची, चार ओळी विणायच्या, उसवायच्या, परत विणायच्या, मग ती स्वतःच सांगते तिला काय व्हायचंय. अल्पाका (त्याच नावाच्या प्राण्याची लोकर) मऊ खरी पण ताणली की परत आकारात येत नाही, स्वेटर खाली लोंबतो, म्हणून तिची फक्त शालच. केबल, म्हणजे वेणीसारखी वीण, उठून दिसायला मला मेरिनो मेंढीची लोकरच लागते. पण सुपरवॉश मेरिनो, म्हणजे मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली, धुतल्यावर सैल पडते हां! एकदा स्वॉच, म्हणजे विणून पाहिलेला नमुन्याचा तुकडा, न धुता १० सेंमीत २२ टाके धरून २२० टाके घातले, धुतल्यावर १० सेंमीत २०च भरले, म्हणजे १०० सेंमीचा स्वेटर थेट ११० चा, अख्खा उसवला, काय करणार. आता स्वॉच आधी भिजवते, वाळवते, मगच मोजते. अ‍ॅक्रिलिकला नावं ठेवणारे ठेवोत, बाळाच्या टोप्यांना मी तेच वापरते.