पाँडिचेरीत क्रोसाँ खायला गेलो आणि एरंडेलातले सांडगे घेऊन आलो

तर झालं असं की गेल्या फेब्रुवारीत आई आणि मी पाँडिचेरीला जाऊन आलो. आईला अरविंद आश्रम बघायचा होता (खूप वर्षांपासून, "एकदा जायचंय गं" असं दर दिवाळीला), आणि मला खायचं होतं. सरळ सांगते, मला इन्स्टावरच्या त्या पिवळ्या भिंती, बोगनवेल आणि क्रोसाँ पाहिजे होते. आता नाव पुद्दुचेरी आहे, २००६ पासून, पण तिथे सगळे पाँडीच म्हणतात, रिक्षावाला पण, मग मी पण तेच लिहिते.

दादरहून थेट चालुक्य एक्स्प्रेस आहे पण आम्ही विमानाने चेन्नई आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने बसने गेलो, साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता छान आहे. बसमध्ये आईने डब्यातले धपाटे काढले आणि मी म्हणलं आई, आपण फ्रेंच शहरात चाललोय. ती म्हणाली, मग त्यांनाही देऊ.

पहिल्या दिवशी मी माझं सगळं करून घेतलं. गावात एक कालवा आहे, त्याच्या समुद्राकडच्या बाजूला फ्रेंचांची वस्ती होती आणि पलीकडे तमिळ. फ्रेंचांच्या बाजूला रस्ते एकदम सरळ, पाट्यांवर रू द्युमा, रू सुफ्रेन असली नावं, पोलिसांच्या डोक्यावर लाल केपी टोप्या. १६७४ पासून मधली काही वर्षं डच आणि इंग्रजांनी हिसकावून घेतलं ती सोडली तर १९५४ पर्यंत फ्रेंच इथे होते. तिथल्या एका देखण्या वाड्यातल्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. मेन्यू मोठा, पंखे सुंदर, क्रोसाँ मात्र गार आणि चामट. सोबत आलेलं कोळंबीचं काहीतरी क्रीममध्ये बुडवलेलं, त्याला ना मीठ ना तिखट. बिल बघून आई काहीच बोलली नाही, आणि आई बोलत नाही तेव्हा काय ते समजायचं.

संध्याकाळी समुद्राकडचा रस्ता गाड्यांना बंद करतात, सगळं गाव तिथे चालायला येतं. तिथे कागदात बज्जी आणि फिल्टर कॉफी घेतली आणि आईचा मूड परत आला.

दुसऱ्या दिवसाचा किस्सा. कालव्यापलीकडे एका साध्या मेसमध्ये जेवायला बसलो, केळीच्या पानावर भात, आणि आईने आपली सवयीने "रोटी मिलेगी?" विचारलं. पोऱ्या मान हलवून बाहेर पळाला आणि पाच मिनिटांनी कुठूनतरी अख्खा पाव घेऊन आला. तमिळमध्ये रोट्टी म्हणजे पाव! आता आणलाच आहे म्हणून आईने तो मीन कुळंबुत बुडवून खाल्ला, म्हणजे माशाचं चिंचेतलं कालवण, नारळ जवळजवळ नाहीच, रंग काळपट लाल. पहिला घास घेतल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हे कालच्या त्या दीड हजारांपेक्षा बरंय. मासा वंजरम म्हणजे आपली सुरमई. पण त्या कालवणात एक वास होता, खमंग, थोडा आंबूस, कांद्यासारखा पण कांद्याचा नाही. तिथेच सुरा पुट्टूही मिळालं, ते म्हणजे मुशीचं (मोरी, छोटा शार्क) मांस उकडून कुस्करून कांदा-लसणाबरोबर परतलेलं, मोरीचं मटण खाणाऱ्या माणसांना लगेच ओळखीचं वाटेल. पण आईच्या डोक्यात तो कालवणातला वासच बसला होता.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी गुबेर मार्केट. पाँडीला गेलात आणि एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, कॅफे राहू द्या. घड्याळाचा टॉवर, आत अंधारे बोळ, अबोली आणि मोगऱ्याचे गजरे मापून विकतायत, आणि एका बाजूला मासळी. मासळीवाल्या बायकांचा आवाज ऐकून आईला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, भाषा एक अक्षर कळत नव्हती पण भाव पाडणं सुरू झालं सुद्धा (मासे शिजवणार कुठे हा प्रश्न तिला पडला नाही). तिथून पुढे किराणा-मसाल्याच्या दुकानांत एका टोपलीत लिंबाएवढे काळपट तेलकट गोळे रचलेले. आईने एक उचलून नाकाशी नेला. "हाच!"

त्याला तमिळमध्ये वडगम म्हणतात, फ्रेंच लोकांनी त्याचं वादुवाँ केलं. दुकानातल्या अक्कांनी मोडक्या हिंदीत आणि हाताने सांगितलं: सांबाराचे छोटे कांदे आणि लसूण ठेचायचे, त्यात उडदाची डाळ, मोहरी, मेथी, जिरं, हळद, कढीपत्ता, मग दिवसभर उन्हात ठेवायचं, रात्री परत मळायचं, परत ऊन, असं बरेच दिवस, आणि एरंडेल लावून गोळे वळायचे. एरंडेल ऐकून आई दचकली, आमच्या घरात एरंडेलाचं एकच काम. पण त्याने गोळे टिकतात म्हणे. फोडणीत थोडा चुरडून टाकायचा, बस. आई म्हणाली, म्हणजे हे सांडगेच की, फोडणी आधीच करून वाळवलेले. इतकं बरोबर वर्णन मला पुढे कुठे वाचायला मिळालं नाही. गंमत म्हणजे हेच वादुवाँ आता परदेशातल्या भारी हॉटेलांत शेफ लोक फ्रेंच करी पावडर म्हणून वापरतात. इथे ते टोपलीत, शेजारी हिंग आणि वाळलेल्या मिरच्या.

आम्ही एका जुन्या ख्रिश्चन घरात राहिलो होतो, खाली मालकीणबाई, वर दोन खोल्या. त्यांना सांगितलं आई वडगम घेऊन आलीये, तर त्या इतक्या खूश झाल्या की रात्री जेवायलाच बसवलं. आधी एक पातळ पिवळं माशाचं सूप, त्याला पुयाबेस म्हणाल्या. मूळ फ्रान्सच्या मार्सेयकडचं बुइयाबेस, ते इथे येऊन हळदीचं झालं. सोबत पाव. आणि मग ताटात आल्या नेम. म्हणजे व्हिएतनामी रोल, तांदळाच्या पातळ कागदात खिमा, काचेसारख्या शेवया आणि काळे मशरूम भरून तळलेले, पुदिना आणि लेट्यूसच्या पानात गुंडाळून खायचे. मी म्हणलं, व्हिएतनाम कुठून आलं मध्येच? तर त्यांचे वडील फ्रेंच सैन्यात होते, व्हिएतनाममधल्या सायगॉनला. पाँडीचे बरेच लोक तेव्हा इंडोचायनात (म्हणजे व्हिएतनाम आणि आसपासचा फ्रेंचांचा मुलूख) नोकरीला होते, सैन्यात, कचेऱ्यांत, काहींनी तिथे लग्नंही केली, आणि परत येताना हे जेवण घेऊन आले. अशा निवृत्त सैनिकांना इथे सोल्दा म्हणतात. १९६२ मध्ये पाँडी भारताला देण्याचा फ्रान्सबरोबरचा करार कायद्याने लागू झाला तेव्हा इथे जन्मलेल्यांना सहा महिने दिले होते, फ्रेंच राहायचं असेल तर तसं कळवा म्हणून, आणि काहींनी कळवलं, त्यामुळे अजूनही इथे तमिळ बोलणारी, फ्रेंच पासपोर्टवाली कुटुंबं आहेत. बाईंच्या दोन बहिणी पॅरिसमध्ये. दर वर्षी त्यांच्यासाठी वडगमचा डबा जातो इथून.

मी पहिल्या दिवशी जे शोधत होते ते फ्रेंच जेवण त्या ताटात होतं, फक्त ते एका तमिळ बाईने केलं होतं आणि वाटेत सायगॉनला थांबून आलं होतं. नाताळात त्या विविकम केक करतात, रवा, काजू आणि रममध्ये भिजवलेल्या मनुका, तो मात्र फेब्रुवारीत कुठून मिळणार, नुसतं वर्णन ऐकून गिळलं.

आश्रमाबद्दल लिहायलाच हवं नाहीतर आई रागावेल. समाधीपाशी ती बराच वेळ बसली, मीही बसले, शांत वाटतं खरंच. आश्रमाच्या डायनिंग हॉलमध्ये कूपन घेऊन जेवलो: भात, डाळ, भाजी, दही, केळं आणि ब्राऊन ब्रेड. तिखट शून्य. आईला आवडलं, मला नाही, विषय संपला.

एक टोचणी राहिली. जिंजी तिथून सत्तरेक किलोमीटरवर आहे, राजाराम महाराजांनी वेढा सोसत इतकी वर्षं काढली तो किल्ला, आणि दोन मराठी बाया खाण्याच्या नादात तिकडे गेल्या नाहीत. शेवटच्या दिवशी जायचं ठरलं होतं पण मालकीणबाईंनी वडगम घालून खेकड्याचं कालवण करते म्हणाल्यावर आईच म्हणाली, किल्ला कुठे पळून चाललाय.

विमानात वडगमचा वास सामानातून येऊ नये म्हणून सहा पिशव्या घातल्या, तरी घरी येईपर्यंत सगळ्या साड्यांना लागला. एप्रिलमध्ये आईने गच्चीवर स्वतःच घातलंय ते, छोटे कांदे नाही मिळाले म्हणून आपले नाशिकचे. खालच्या काकू दोनदा विचारून गेल्या, गॅसचा पाईप तर लीक नाही ना.