रेल्वेवाल्यांच्या चर्चागटातून थीसिससाठी डेटा मिळवताना: माझा अनुभव

रेल्वेतले इंजिनिअर, प्राध्यापक आणि आमच्यासारखे विद्यार्थी एकत्र बसतात त्या चर्चागटात शिरणं अजिबात अवघड नाही, हे आधी सांगते. गाइडचं एक पत्र आणि विषयावर पानभर टिपण, झालं काम. माणसं भरभरून बोलतात. खरा त्रास डेटा मागितल्यावर सुरू होतो आणि अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून हे लिहितेय.

माझा विषय म्हणजे रुळाची भूमिती कशी बिघडत जाते. मोजणी करणारी गाडी धावता धावता गेज (दोन रुळांमधलं अंतर), लेव्हल (रुळाचा उंचसखलपणा), अलाइनमेंट (रूळ बाजूला किती सरकलाय), कॅन्ट (एका रुळाची दुसऱ्यापेक्षा जास्त उंची), ट्विस्ट (रुळाला पडलेला पीळ) सगळं नोंदवत जाते, साधारण दर २५ सेंटिमीटरला एक नोंद. मला त्याच नोंदी हव्या होत्या. गटातले सिनिअर सर पहिल्याच बैठकीत म्हणाले, "देऊ की, त्यात काय!" पण डेटा त्यांच्या संस्थेचा, आणि संस्था म्हणाली आधी गोपनीयतेचा करार करा. बरं, करू. तर त्यात एक कलम, की काहीही छापण्याआधी संस्थेची लेखी परवानगी हवी, आणि ती किती दिवसांत मिळणार याला मुदतच नाही. आमच्या विद्यापीठाचा कायदा विभाग म्हणाला थीसिस सार्वजनिक होतो, हे कलम चालणार नाही. संस्था म्हणाली हा आमचा ठरलेला नमुना, बदल होणार नाही. मग सुरू झालं, मेल केला की "विचाराधीन आहे", फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, हे म्हणणार त्यांची सही आली की आम्ही करतो आणि ते म्हणणार आधी यांची येऊ दे. अख्खं सेमिस्टर त्यात गेलं. दोन्हीकडची माणसं एकदासुद्धा एकत्र बसून ते कलम वाचायला तयार नव्हती, याचा मला आजही राग आहे.

शेवटी संस्थेलाच सविस्तर पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की धातूचा थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन धातूला तडे जाणं, हा विषय मोठ्या प्रमाणात रेल्वेमुळे पुढे आला. १८४२ मध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा अॅक्सल (चाकं जोडणारा दांडा) तुटून भीषण अपघात झाला, पुढे ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या नोकरीत असतानाच अॅक्सलवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या आणि निकाल छापले, म्हणून आज ते सगळ्या जगात शिकवतात. ते निकाल कपाटात पडून राहिले असते तर?

पत्राने फाइल वर आली खरी, पण गाठ सोडवली गटातल्या निवृत्त ट्रॅक इंजिनिअर मॅडमनी. त्यांनी कलमात एकच ओळ घालायला सांगितली, की ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही तर परवानगी आहे असं समजावं. आणि डेटामधून स्टेशनांची नावं, किलोमीटरचे आकडे काढून अंतर शून्यापासून मोजायचं. दोन्ही बाजूंनी मान्य केलं! मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी काही वाचलंच नाही.

नावं गेली तरी चालतात, पण वळणाची त्रिज्या, किती टन वाहतूक गेली ते आणि टॅम्पिंगच्या, म्हणजे रुळाखालची खडी ठासून रूळ नीट केल्याच्या, तारखा सोडू नका. टॅम्पिंग झालं की रूळ एकदम सुधारलेला दिसतो आणि तारीख नसेल तर आलेख बघून काहीच कळत नाही. अजून एक, दोन फेऱ्यांच्या नोंदी जुळत नाहीत, काही मीटर पुढेमागे होतात, कारण अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून मोजतात आणि चाक झिजतं, कधी घसरतं. वळण जिथे सुरू होतं ती खूण धरून जुळवा, हे मॅडमनी पाच मिनिटांत समजावलं.

बैठकीला आलेख कागदावर न्या, स्क्रीनवर नको. हातात पेन असलं की ही मंडळी "इथे पॉइंट (गाडी रूळ बदलते ती जागा) असणार, इथे पुलाचं टोक" असं थेट त्यावर लिहून देतात. आणि कराराचा मसुदा गटात आलात की लगेच मागवून घ्या, विषय पक्का व्हायची वाट बघू नका.