बीएस्सी पर्यावरण आणि 300 मिलीची बाटली

पीयूसीनंतर (कर्नाटकातली अकरावी-बारावी) पर्यावरणशास्त्र मेजर घ्यायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे झाडं लावायची का?’ ईव्हीएसचा (पर्यावरण अभ्यास) सक्तीचा पेपर आदल्या रात्री वाचूनही सुटतो. मेजरमध्ये मात्र केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स मानगुटीवर बसतात. पीसीएमबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी) टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या मापनळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजणं, जेमतेम ढकललेलं असेल, तर ते आधी पक्कं करून घ्या.

कारण पाण्याची सगळी प्रॅक्टिकल्स शेवटी ब्युरेटपाशीच येतात. त्यातलं डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, सर्वांत जास्त चुकतं, आणि चुकतं ते लॅबमध्ये नाही, नदीवर. बेळगावच्या मार्कंडेय नदीचं पाणी बादलीत घेऊन त्यातून बाटली बुडबुड करत भरली, की हवेतला ऑक्सिजन आत गेलाच. 300 मिलीची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणू खातात तेवढा ऑक्सिजन) पाण्याखाली वीतभर धरून सावकाश भरायची. बूच लावल्यावर आत बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरायची. मग काठावरच 2 मिली मँगनस सल्फेट आणि 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याच्या आत बुडवून. बूच लावून बाटली दहा-पंधरा वेळा उलटी-सुलटी करा. तपकिरी गाळ आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही. बेळगावातल्याच बळ्ळारी नाल्यासारख्या सांडपाण्यात नायट्राइटची भानगड असते, त्यासाठीच ते अझाइड. ही रसायनं कॉलेजात येऊन घालू म्हणालात, तर तेवढ्या वेळात जिवाणू ऑक्सिजन खात बसतात.

लॅबमध्ये 2 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून गाळ विरघळवायचा, त्यातलं 200 मिली (भर घातलेल्या रसायनांची दुरुस्ती धरून 203) 0.025 नॉर्मल थायोसल्फेटनं टायट्रेट करायचं. जितके मिली लागले, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. स्टार्च मात्र रंग फिका पिवळा झाल्यावरच. आधी घातलं तर आयोडीन स्टार्चमध्ये अडकून बसतं आणि एंडपॉइंट सरकतो. थायोसल्फेट जुनं असेल तर नव्यानं स्टँडर्डाइज करा, म्हणजे त्याची खरी तीव्रता तपासा, बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका.

आता आकडा तपासायचा. 25 अंशाला संपृक्त पाण्यात लिटरला 8.26 मिलिग्रॅम ऑक्सिजन, असं पुस्तकात असतं. पण ते समुद्रसपाटीचं. बेळगाव सुमारे 750 मीटरवर, हवेचा दाब कमी, म्हणून इथं कमाल साडेसातच्या आसपास. सकाळी सहाच्या नमुन्याचा डीओ 8.9 लिहिलेलं जर्नल दिसलं, की समजायचं, नक्कल झाली. दुपारी दोनला शेवाळ प्रकाशसंश्लेषण करत असताना तो आकडा खराही असू शकतो. म्हणून जर्नलात वेळ आणि तापमान हवंच.

बीओडीत आणखी एक खोडा. पाच दिवसांनी (20 अंश) किंवा तीन दिवसांनी (27 अंश) डीओ शून्य निघाला तर तो निकाल नव्हे, विरलीकरण (नमुन्यात मिसळलेलं स्वच्छ पाणी) कमी पडलं. निदान 2 मिलिग्रॅम खर्च झालेला हवा आणि 1 शिल्लक. साखर कारखान्याच्या पाण्यासाठी तीन-चार वेगवेगळी विरलीकरणं एकदमच लावा, नाहीतर इन्क्युबेटरमधला आठवडा वाया.

कॉलेज निवडताना इमारत नंतर बघा. आधी विचारा, बीओडी इन्क्युबेटर चालू आहे का, आणि वीज गेली तर काय करतात.

फील्डवर भाषेचंही बघावं लागतं. शेतकरी मराठीत बोलतो, पहाणी (जमिनीचा उतारा) कन्नडमध्ये, जर्नल इंग्रजीत. खतांची माहिती घेताना तो ‘पोती’ आणि ‘गुंठे’ सांगतो. एकराचे 40 गुंठे हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ पोत्यात होतो. युरियाचं 45 किलोचं पोतं म्हणजे 20.7 किलो नायट्रोजन, डीएपीचं 50 किलोचं म्हणजे 9. नुसतं ‘दोन पोती टाकली’ लिहून परत आलात, तर पुन्हा त्याच बांधावर जावं लागेल.