एका डिशमध्ये एकच मावा

कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागून मला जेमतेम महिना झाला होता. काम साधं होतं. दहा पेट्री डिश, प्रत्येकीत ओल्या कापसावर पानाचा तुकडा आणि त्यावर बारीक ब्रशने सोडलेला एकेक बिनपंखी मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारी बारीक कीड. संध्याकाळी दोनदा मोजून झाकणं लावली आणि घरी गेले.

सकाळी पहिल्या डिशमध्ये चार. दुसरीत सहा. मी थेट मदतनिसावर उखडले. "पानं नीट धुतली नव्हतीस ना?"

"धुतली होती हो मॅडम, तुमच्यासमोरच."

आमच्या मोठ्या मॅडमनी काही न बोलता एक डिश मायक्रोस्कोपखाली सरकवली. "बस आणि बघत राहा."

बराच वेळ काहीच नाही. मावा पानात सोंड खुपसून ढिम्म. मग त्याच्या मागच्या टोकाशी फिकट हिरवा ठिपका दिसला. मला वाटलं, चिकटा, म्हणजे मावा टाकतो तो गोडसर चिकट थेंब, सोडतोय. पण ठिपका वाढत गेला, लांबट झाला आणि त्याला पाय फुटले! आधी शेपटाकडचा भाग, डोकं सगळ्यात शेवटी. पिल्लू क्षणभर लोंबकळलं, पाय झाडले आणि पानावर उतरून चालायला लागलं. आई जागची हललीसुद्धा नाही.

मावा शब्द पुल्लिंगी खरा, पण त्या दहाही माद्याच होत्या. नर लागत नाही, अंडं घालायचं नाही, थेट पिल्लू.

मॅडमनी दुसरा एक मावा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात हलकेच दाबला. पोटात पिल्लांची रांग, मोठ्यांचे तर लाल डोळेही दिसत होते. "यांच्याही पोटात पुढची पिढी सुरू झालेली असते," त्या म्हणाल्या. चार वेळा कात टाकायची, हवा मानवली तर आठवडा-दहा दिवसांत आई व्हायचं. गर्दी वाढली की पंखवाल्या माद्या निपजतात आणि दुसऱ्या झाडावर जातात. कडक थंडीच्या प्रदेशात हिवाळ्याआधी मात्र नर-माद्या जन्मतात आणि तेवढ्यापुरती अंडी होतात.

१७४० साली जिनिव्हाच्या शार्ल बोने या निसर्गअभ्यासकाने नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू असंच एकटं वाढवलं होतं. त्याला ९५ पिल्लं झाली. बोनेने निदान कुणावर आरडाओरडा केला नसावा.

मदतनिसाची माफी मागितली. तो गालात हसला. "मग आता पानं परत धुऊ का, मॅडम?"