तुम्ही विचारलंत म्हणून: किती पाणी जमलं?

‘गच्चीवरचं पाणी साठवता ना, मग किती जमलं?’ फाटकाशी उभं राहून विचारतात, फोनवर विचारतात. मी आकडा सांगत नाही, ‘रात्री वर या, आकाश बघू’ म्हणतो. त्यामुळे मी प्रश्न टाळतो असा समज झालाय. टाळतोच. का, ते आज एकदाचं सांगून टाकतो.

आकडा काढता येत नाही असं नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझी गच्ची 80 चौरस मीटरची. उडून, जिरून, सांडून जे जातं त्यापोटी 0.8 ने गुणायचं. हे गणित मी पहिला पाइप लागण्याआधीच जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं होतं. अजून आहे तिथे, पुसू देत नाही.

तर ती रात्र.

पावसाच्या पहिल्या सरीने गच्ची धुतली जाते. धूळ, पक्ष्यांची शीट, कुजकी पानं असलं ते पाणी टाकीत घ्यायचं नसतं, म्हणून उभ्या पाइपाच्या तळाशी एक कॉक असतो. तो उघडा ठेवायचा, शंभरेक लिटर गढूळ पाणी जाऊ द्यायचं आणि मग बंद करायचा. बस्स. संध्याकाळीच मी तो उघडून ठेवला आणि जाळीतली पानं काढायला वर गेलो. अंधार पडला, वीज गेली, आभाळ मोकळं होतं. अशा काळोखात देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. काचेवर बोट लागून राहिलेल्या डागासारखी, फिकट. तो उजेड 25 लाख वर्षं चालत आलेला असतो. मी पानं तशीच हातात धरून उभा राहिलो.

तीनच्या सुमारास पाऊस आला. असा तसा नाही, धो धो. मी जागा झालो. पाइपातून पाणी उतरल्याचा जड, भरीव आवाज येत होता. आपलं पाणी आपल्या घरात येतंय याचं काय सुख असतं ते ज्यांनी टाकी बसवली आहे त्यांनाच कळेल. मी अंथरुणात पडल्या पडल्या गुणाकार करत होतो. अजून दहा मिलिमीटर पडला तर किती, वीस पडला तर किती. मग मन संध्याकाळच्या त्या डागावर गेलं आणि झोप लागली.

सकाळी अंगण स्वच्छ धुतलेलं. पाइपापासून गटारापर्यंत माती वाहून गेलेली सरळ रेघ. टाकीवर टिचकी मारली, पोकळ वाजली. सरळ कडांच्या भांड्यात बरोबर 60 मिलिमीटर पाऊस होता. म्हणजे 3840 लिटर. इतका नेमका आकडा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता, आणि टाकीत तळ ओला होण्याइतकंही पाणी नव्हतं.

‘तू जागा होतास ना?’ बायकोने विचारलं. ‘मग उठला का नाहीस?’

हिशोब करत होतो, हे मी तिला सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, विसरभोळेपणाला एवढं कशाला चघळायचं. पण मी साधा विसरलो नव्हतो, मी मोजत होतो. विश्वाचंही माझं तेच. त्याचं वय 1380 कोटी वर्षं, म्हणजे कड 1380 कोटी प्रकाशवर्षांवर, असं मी बिनदिक्कत सांगायचो, वादही घालायचो. साफ चूक. प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणलं जात राहिलं. ज्यांचा प्रकाश आत्ता आत्ता पोहोचतोय त्या जागा आज सुमारे 4650 कोटी प्रकाशवर्षं दूर आहेत. तीही विश्वाची कड नव्हेच, आपल्या गच्चीचा कठडा फक्त. पाऊस पलीकडेही पडत असणार, तो आपल्या पन्हळीत येत नाही एवढंच. पलीकडे किती, याला आकडा नाही. संपतं की नाही, हेच कुणाला सांगता आलेलं नाही.

तेव्हाचा मी हे वाचून हसेल. म्हणेल, कॉक बंद केला नाहीस आणि आता त्याला विश्वाची शाल पांघरतोयस. असेलही. पण वर जाण्याआधी कॉक उघडून ठेवणारा तोच होता, आणि भिंतीवर लिहिणाराही तोच.

आता चेंडूवाला पाइप बसवलाय. गढूळ पाण्याने तो भरला की आतला चेंडू तरंगत वर येतो, तोंड बंद होतं आणि पुढचं पाणी टाकीकडे वळतं. उठायची गरज नाही. तरी रात्री सर आली की मी उठतो, खाली जातो, पाइपाला हात लावून उभा राहतो. बायको कूस बदलत म्हणते, ‘आपोआप होतं ना ते?’

होतं.

आणि मोजणं मी सोडलंय असं कुणी समजू नका. कालचा पाऊस 11 मिलिमीटर. गुणाकार तुम्ही करा.