पद्मिनीची नोंद : दारे उतरली, रनिंग बोर्ड उघडला

पावसाळा सरल्यावर रत्नागिरीच्या आमच्या मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये) १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार पुन्हा दुरुस्तीच्या कामाला घेतली असून आसने, रबरी मॅट आणि चारही दारे उतरवून झाली आहेत. बिजागऱ्यांचे स्क्रू जाम झाले होते. रात्रभर तेल मुरवून सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हरवर ठोके दिल्यावर ते सुटले, दोन मात्र ड्रिलने काढावे लागले.

खरा प्रश्न दारांखालच्या पोकळ पेटीचा, म्हणजे डेंटर (गाडीचा पत्रा दुरुस्त करणारे कारागीर) ज्याला रनिंग बोर्ड म्हणतात त्याचा आहे. या गाडीला वेगळी चासी (भार पेलणारी खालची लोखंडी चौकट) नसल्याने तिचा भार हाच पत्रा पेलतो. चालकाच्या बाजूला पेचकस टेकवताच तो आत गेला. पेटीतून दीड घमेले तांबडी माती निघाली, ती पावसाळा उलटूनही ओली होती, आणि पाण्याच्या निचऱ्याची भोके तिनेच बुजलेली होती.

गेल्या मे महिन्यात मी मागचा तळपत्रा तारेच्या ब्रशने घासून त्यावर फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारे द्रावण) आणि रेड ऑक्साइडचा रंग लावला होता. गणपतीपर्यंत रंगाला फोड आले आणि प्रत्येक फोडाखाली तपकिरी ओल सापडली. खाऱ्या वाऱ्यातले मीठ गंजाच्या खड्ड्यांत तळाशी बसते, हवेतले बाष्प ओढून घेते आणि रंगाखाली गंज चालूच ठेवते, त्यामुळे ते धुऊन काढल्याशिवाय कन्व्हर्टर लावणे व्यर्थ आहे. आता मी पत्रा घासून गरम पाण्याने धुतो, बॅटरीच्या (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर फिरवून पिळतो आणि त्या थेंबांत सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकतो; मीठ उरले असेल तर थेंब पांढरा होतो. पहिल्या धुण्यानंतर थेंब ताकासारखा पांढरा झाला, पाचव्यानंतर जवळजवळ नितळ राहिला. त्यानंतरच आम्ल लावले आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमरही मारला, कारण आमच्याकडे उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.

बिजागऱ्या आणि आसनांचे रूळ, गंज सुटावा म्हणून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडून ठेवले आहेत. धन टोकाला साधे लोखंडच हवे, स्टेनलेस स्टील नको, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू सुटत असल्याने बादली अंगणात ठेवली आहे.

पुढच्या आठवड्यात कुजलेला पत्रा कापायचा आहे. त्याआधी दारांच्या मोकळ्या चौकटींत लोखंडी अँगलचे आडवे टेकू वेल्ड करून घेईन, म्हणजे सांगाडा मध्यावर खचणार नाही.